न उठवलेला घट

बियाणे कंपनीला फ्रेंच बोलणारं माणूस हवं होतं, आणि जालन्यात ते माणूस म्हणजे मीच, अशी आमच्या घरात सगळ्यांची खात्री होती. माझ्या नवऱ्याचा, स्वानंदचा, मित्र हरिओम त्या कंपनीच्या निर्यात विभागात आहे. आफ्रिकेतली काही गिऱ्हाइकं फ्रेंचशिवाय बोलत नाहीत, काम घरूनही करता येईल, असं तो सांगून गेला. घरून, म्हणजे माझ्या तान्ह्या यशश्रीला पाळणाघरात न ठेवता. तिला साधी शिंक आली तरी मला धडधडतं. मला ती नोकरी हवीच होती.

कॉलेजात असताना मी फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. पुढे जर्मन घेतलं, मग जपानी. एकीचा कंटाळा आला की दुसरी. उत्साह टिकावा म्हणून मोबाइलवर भाषांचं अ‍ॅप घेतलं. रोज कुठल्याही भाषेतला एक धडा केला की त्यात एक ज्योत पेटती राहते आणि शेजारचा आकडा वाढतो. एक दिवस चुकला की ज्योत विझली.

माझी आई नाही, त्यामुळे बाळंतपण इथे मस्तगडला सासरीच झालं. सोयर फिटलं आणि लगेच घट बसले. कान बांधलेले, खाटेखाली शेगडी, आणि डोळे अधू होतात म्हणून सव्वा महिना मोबाइल बंद. मी पांघरुणात चोरून धडा करताना सासूबाईंनी पकडलं. मी त्यांना आईच म्हणते. ज्योत विझेल हो, असं मी रडवेली होऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडं. घटाचा दिवा संभाळतेच आहे, अजून एक जड न्हाई."

मग घटापुढच्या दिव्यात तेल घातलं की हात पुसून त्या हेही करायच्या. चित्रातल्या सफरचंदावर बोट ठेवायचं, मुलीवर ठेवायचं. चुकलं तर बरोबर उत्तर अ‍ॅपच दाखवायचं. दसऱ्याला घट उठले, हा दिवा मात्र त्यांनी चालूच ठेवला.

मोबाइल परत मिळाला तेव्हा आकडा पाहून मला भरून आलं. तिथून तरी नीट अभ्यासाला लागायला हवं होतं. पण यशूला पाजता पाजता सोप्यातला सोपा धडा उरकायचा, आणि डोळा लागायला आला तर "आई, तेवढं दिव्याचं बघता का" म्हणायचं, हे अंगवळणी पडलं. पाहुणे आले की स्वानंद आकडा दाखवायचा. जुन्या जालन्यातल्या कापडवाल्या मामांनी विचारलं होतं, "इतक्या भाषा शिकून राह्यली, मंग नवऱ्याशी कोणत्या भाषेत भांडती?" सगळे हसले. मीही हसले.

हरिओमने तोच आकडा साहेबांना सांगितला. साहेब म्हणाले, मग परीक्षा कशाला, गिऱ्हाइकाशीच थेट बोलू दे.

शनिवारी यशूला आईंकडे देऊन मी दार लावून बसले. पडद्यावर साहेब, हरिओम आणि तिकडचे एक वयस्क गृहस्थ. ते हसून बोलू लागले. नमस्कार तेवढा कळला. पुढे पोती असावीत, बंदर असावं, पाऊस असावा. मला त्यांना एवढंच विचारायचं होतं, बियाणं भिजलं का. कॉलेजात हे वाक्य मला सहज जमलं असतं. आता जिभेवर येत होतं ते एकच, मुलगी सफरचंद खाते. मध्येच जपानीतला होकार तोंडून गेला. ते थांबले, आणि मग लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलू लागले. ते मला जास्त लागलं. शेवटी साहेबांनी माझे आभार मानले. हरिओम खाली बघत होता.

बाहेर आले तर देवापुढे साखरेची वाटी. आई यशूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जमलं नाही, मी म्हणाले.

"आपण तर एक बी दिवस चुकवला न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी यशूला उचललं आणि तिच्या टाळूवर नाक टेकवून उभी राहिले.

दिवेलागणीला त्या नेहमीप्रमाणे मोबाइल पदराला पुसत घेऊन आल्या. आजचं राहिलंय म्हणाल्या.

"आई, आता हा घट उठवू," मी म्हणाले.

अखंड दिवा फुंकायचा नसतो, तेल संपलं की तो आपोआप शांत होतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी मोबाइल कपाटावर ठेवला. मग यशूची दुपटी घेऊन घड्या घालत बसल्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "माझ्यामुळं झालं का गं?"

नाही आई, असं मी म्हणाले. पण म्हणायला मला जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात त्यांनी घातलेली घडी मोडून पुन्हा घालायला घेतली होती.