माझ्या हाताचा वास

“ओळखलं बघा त्यानं मला,” मी ताईंना म्हटलं आणि ढब्बूच्या नाकासमोर हात तसाच धरून ठेवला.

ढब्बू उंदीर सूक्ष्मदर्शकाखाली डोकं अडकवून ठेवलेला होता. आमच्या उंदरांच्या मेंदूत असं एक जनुक घातलेलं असतं, की पेशी कामाला लागली की हिरवी चमकते. कवटीत बसवलेल्या इवल्याशा काचेतून ते पडद्यावर दिसतं. माझा हात जवळ गेला आणि पडदा हिरव्या ठिपक्यांनी भरला. काय सांगू, माझा ऊर भरून आला.

उंदरांना माणसाच्या हाताची सवय लावायची, हे माझं काम. सगळे मला उंदीरमावशी म्हणतात. नवरा म्हणतो, पोटच्या पोरांना कधी इतकं गोंजारलं नाहीस. ढब्बू तर माझ्या तळहातावर झोपायचा. हल्ली मात्र पिंजरा उघडला की कोपऱ्यात दबून बसायचा. आजारी असेल म्हणून ताईंना सांगितलं, तर बघते म्हणाल्या.

ताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य. माझी आई गेली तेव्हा सख्ख्या बहिणीसारख्या जवळ होत्या, म्हणून त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. त्यांनी माझे वापरलेले हातमोजे मागितले, मी देत गेले. कशाला, ते विचारलंही नाही.

पडद्यावरून नजर न काढता ताई म्हणाल्या, “या भीतीच्या पेशी आहेत.”

“कशाची भीती?”

“तुझ्या वासाची. तुझा हातमोजा हुंगायला द्यायचा आणि लगेच पायाखाली शॉक. ज्याच्यावर विश्वास असतो त्याचीच भीती कशी बसते, ते बघायचं होतं.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तू त्याला पहिल्यासारखा हात लावला असतास का?”

हे त्या अगदी कौतुकानं म्हणाल्या, त्याचाच जास्त संताप आला. बाईनं केसानं गळा कापला माझा. आणि मी वेडी, आजारी समजून त्याला रोज जास्तच वेळ कुरवाळत होते. जीव मुठीत धरून बसला असेल बिचारा.

ताईंनी ढब्बूला सोडवलं आणि पिंजऱ्यात ठेवायला माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतले. दारात झाडलोट करणारे काका होते, त्यांना म्हटलं, तुम्ही ठेवा.

त्यांनी जन्मात कधी उंदीर धरला नव्हता. घाबरत घाबरतच त्यांनी ओंजळ पुढे केली. ढब्बू त्या ओंजळीत उतरला, त्यानं थोडं हुंगलं आणि अंग सैल सोडून बसला.