डेटाबेसची बडबड

चारुलताला बडबडीचा मनस्वी तिटकारा. बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमध्ये ती टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघायची, आणि मनामातल्या ऑफिसात कोणी पाल्हाळ लावलं की "यल्ला, मुद्द्यावर या," हे ठरलेलं. अशा बाईच्या नशिबी नेमका हा डेटाबेस यावा!

काम एका मधुमेहाच्या क्लिनिकचं होतं. रोज सकाळी एक जॉब, म्हणजे छोटा प्रोग्राम, आपोआप चालणार, उद्या कोण पेशंट आहेत ते डेटाबेसमधून काढणार आणि रेसिडेंट कार्डाच्या नंबरावरून त्यांचे फोन शोधून आठवणीचा मेसेज धाडणार. जॉब लिहिला होता अदीबाने. रायगडहून आलेली ही मुलगी ऑफिसात सर्वांत धाकटी, अजून प्रोबेशनवर. जॉब क्लिनिकच्या पसंतीला उतरला तर नोकरी पक्की, नाहीतर व्हिसा रद्द आणि परतीचं विमान.

टेस्टिंग चारुलताकडे. जॉब आपण काय काय केलं ते लॉगमध्ये लिहीत जातो; तिथे डेटाबेसचं पुराण सुरू व्हायचं. आता दार उघडलं, आता हे विचारलं, आता ते मिळालं, आता दार लावलं. त्या ढिगात खरी चूक शोधायची म्हणजे डोळे फुटायची वेळ. त्यात आज दुपारी क्लिनिकची माणसं बघायला येणार होती, आणि मॅनेजर प्रवीण सकाळीच बजावून गेला, "हा कचरा त्यांच्यासमोर नको हं."

"ताई, त्यात एक ओळ आहे..." अदीबा म्हणाली. ऑफिसात ती जपून, पुस्तकातली मराठी बोलायची.

"एक? हजार आहेत. नंतर बघू," म्हणत चारुलताने सेटिंग बदललं. डेटाबेसने यापुढे काही बिघडलं तरच तोंड उघडायचं. जॉब पुन्हा चालवला तर लॉगमध्ये चार-पाच ओळी. सुरू झाला, मेसेज पाठवले, संपला. केर काढलेल्या घराकडे बघावं तसं ती स्क्रीनकडे बघत राहिली. "खलास!"

ऑफिसची एक रीत होती. टेस्टसाठी पेशंट म्हणून सगळ्यांनी आपापल्या रेसिडेंट कार्डाचे नंबर द्यायचे आणि शेवटच्या तालमीला फोन पुढ्यात घेऊन बसायचं. जेवण झाल्यावर मंडळी जमली, जॉब चालला. प्रवीणचा फोन वाजला. खिजरचा वाजला, कश्मिराचा वाजला, चारुलताचाही वाजला. अदीबाचा वाजला नाही.

"लिहिणारीलाच मेसेज नाही?" प्रवीणने भुवया चढवल्या. "अदीबा, आता ते आल्यावर दाखवायचं काय?"

लॉग म्हणत होता, सगळं ठीक. अदीबाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला, आणि पुस्तकातली मराठी कुठल्या कुठे गळाली. "ताई, मना वाटला माझाच कार्ड नवा हाय, म्हणून सापडत नाय..."

"सापडत नाही हे तुला कोणी सांगितलं?"

"त्या ओळीत होता ना ताई."

चारुलताने डेटाबेसची बडबड पुन्हा सुरू केली, आणि या वेळी ओळन् ओळ वाचली. अदीबाचा नंबर आठच आकड्यांचा दिसत होता आणि पुढे लिहिलं होतं, सापडलं नाही. कार्डाचा नंबर असतो नऊ आकड्यांचा, आणि तो सुरू होतो जन्मवर्षाच्या शेवटच्या दोन आकड्यांनी. बाकी सगळ्यांचे जन्म मागच्या शतकातले. अदीबा दोन हजार एकची, म्हणून तिचा नंबर शून्याने सुरू व्हायचा. जॉबने तो साधी संख्या समजून पुढचं शून्य टाकून दिलं होतं. एखादा माणूस न सापडणं हा डेटाबेसच्या लेखी बिघाड नव्हे, म्हणून तोही गुमान गप्प राहिला.

"म्हणजे चूक हिचीच," प्रवीण म्हणाला.

"चूक हिची, आणि पकडलीही हिनेच," चारुलता म्हणाली. बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. "तोंड दाबलं ते मी. डेटाबेसचं दाबलं आणि हिचंही. क्लिनिकलाही मी हेच सांगणार आहे."

अदीबाने पुढचं शून्य टिकेल अशी दुरुस्ती केली. बाकीची बडबड बंदच राहिली, पण 'सापडलं नाही' ही ओळ यापुढे इशारा म्हणून ठळक दिसणार होती. जॉब चालला. तिच्या हातातला फोन थरथरला, आणि स्वतःचं नाव वाचून ती डोळे पुसत हसली.

क्लिनिकच्या डॉक्टर खदिजा यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या इशाऱ्याच्या ओळीवर बोट ठेवलं. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरांची ही कॉलेजातली पोरंच तपासणीला सर्वांत जास्त दांड्या मारतात, त्यांचे मेसेज चुकायला नकोत, एवढंच म्हणाल्या आणि जॉब पसंत केला. त्यांना पोचवून परत येताना प्रवीणने अदीबाकडे बघून मान डोलावली. "पक्की."

सगळे पांगल्यावर चारुलता अदीबाच्या टेबलापाशी गेली. "यापुढे मी नंतर बघू म्हटलं, तरी तू बोलायचंस. कळलं?"

"इंशाल्ला, ताई."

इंशाल्ला म्हणून माणसं इथे विषय कसा हलकेच मिटवतात, हे चारुलताला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. "इंशाल्ला नको. हो म्हण."

"हो." अदीबा थोडी घुटमळली. "मग ताई, अजून एक ओळ हाय."

चारुलता खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. "सांग. सगळं सांग."