नव्या पंचाची खुर्ची

नाताळच्या दुपारी आमच्या फुलंब्रीच्या चर्चमधी प्रीतिभोजन असतं. जो पंच असंल त्यानं समद्यांना वाढायचं आन् शेवटी जेवायचं, अशी रीत हाय. औंदा सूर्यभानमामाला पाडून माझा बा पंच झाला.

पंगत बसली तवा बानं खुर्ची मागवली. "माझं ताट इथंच आणा," म्हणला.

हरलेल्या मामानंच भाताची बादली उचलली. "जेव रं दावीद, पोटभर," म्हणत पयलं ताट बालाच वाढलं. मी भिंतीपाशी उभी राहून डोळे रोखून बघत होते. टोमणा असता तर मामाला तिथंच बोलले असते, पण नव्हता.

खुर्चीजवळ कुणीच बसलं नाय. बा एकटाच भात चिवडत होता. मला त्याचा लई राग आला होता. तरी जवळ जाऊन बसावं वाटत होतं, पण पाय उचलंना.

समद्यांना वाढून शेवटी मामा रिकामं ताट घेऊन खुर्चीपाशी भुईवर बसला. "हितं जागा हाय ना?"

बानं उठून बादली घेतली. तळाची खरवड तेवढी उरली होती. खाली बसून ती त्यानं मामाला वाढली.

मी मात्र भिंतीपाशीच उभी राहिले.