पलीकडची माती

माती किती घट्ट बसलीय ते मोजायचं यंत्र रोलरखाली आलं आणि चेपलं. त्याच्या पोटात किरणोत्सर्गी सीझियमची इवलीशी गोळी असते. ती फुटली की शाबूत, हे बघायचं सोडून वाद पेटला तो जागेवरून. कारण यंत्र चेपलं रस्त्यावर, पण उडून पडलं लष्करी तळाच्या पांढऱ्या रेघेपलीकडे, दोन पावलं आत.

रेघेच्या अलीकडे असलं यंत्र वापरायचा परवाना राज्याचा, पलीकडे वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा. राज्याचं ऑफिस म्हणजे माहेर: इन्स्पेक्टर ओळखीचा, चुकलं तर चार शब्द ऐकवून सोडून देणार. वॉशिंग्टन म्हणजे सासर: पाऊल टाकण्याआधी वर्दी द्यायची, नाहीतर परवान्यावरच गदा. रस्ता बांधणाऱ्या कंपनीची सुरक्षा अधिकारी ग्लेंडा स्ट्राउड, तिला दोन्हीकडचे नियम तोंडपाठ. आज तिला दोन्हींची शिसारी आली होती.

रोलरवाला एमेट घाबरून रेघ ओलांडून यंत्र उचलायला धावला होता. आता तो रस्त्यावर उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"ग्लेंडा, घरी गेल्यावर आयव्हीला उचलून घेऊ ना मी? चार महिन्यांची आहे गं ती."

"थांब जरा. मीटर येतोय." किरणोत्सर्ग मोजायचा कंपनीचा मीटर नेमका दुरुस्तीला गेला होता.

राज्याचा इन्स्पेक्टर प्रुइट मीटर घेऊन आला आणि रेघेशी येऊन खिळल्यासारखा थांबला. फोनवर वॉशिंग्टनची बाई म्हणाली, "तळावर असेल तर उद्या येऊ, तोवर कुणी हात लावू नका. नसेल तर ते आमचं नाही."

मालक व्हर्लने गाडीतून दोर काढला. "दोन पावलं तर ओढायचंय. अलीकडे आलं की घरचं प्रकरण."

"आणि गोळी फुटली असेल तर? रस्ताभर सांडेल ती," ग्लेंडा म्हणाली.

"मी काही बघितलं नाही," असं म्हणून प्रुइटने तोंड फिरवलं.

ग्लेंडाने दोराच्या जमिनीवर लोळणाऱ्या टोकावर पाय रोवला. "निदान एमेटचे बूट तपासा. तो तरी अलीकडे उभा आहे ना?"

प्रुइटने वाकून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "माणूस अलीकडचा आहे, मॅडम. पण माती पलीकडची."

ग्लेंडाने त्याच्या हातातून मीटर हिसकावला. दोरावरचा पाय न काढता तिने एमेटला जवळ बोलावलं आणि त्याचे बूट, गुडघे, तळहात सगळं तपासलं. काटा जागचा हलला नाही.

"स्वच्छ आहेस. जा, उचल पोरीला."

एमेटने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. एक बूट रेघेच्या अलीकडे ठेवला, दुसरा पलीकडे.

"एक तुमचा, एक त्यांचा," तो प्रुइटला म्हणाला. "तुम्ही सावकाश ठरवा."

आणि तापलेल्या डांबरावरून मोज्यांनीच चालत तो आपल्या गाडीकडे गेला.