क्रेनखालची जागा

कारखान्यात क्रेनची साखळी तुटली, तेव्हा माझा नवरा खाली नव्हता. खरं तर क्षणभर आधीपर्यंत तिथेच उभा होता. लेकीचा फोन आला म्हणून चार पावलं बाजूला सरकला, आणि लोखंडी तुळयांचा गठ्ठा त्याच्या पाठीमागे कोसळला. फोन मी लावला होता. ती तीन वर्षांची. तिने नुसतं "बाबा" म्हटलं. पण श्रेय तिला मिळालं.

तेव्हापासून त्याच्याबरोबरचे कामगार घरी येऊ लागले. चहा नको म्हणायचे, तिच्या डोक्यावरून हात फिरवून निघायचे. मी हसून दार लावायचे आणि तिचे केस धुवायचे.

महिन्याभरात नवऱ्याचं हेल्मेट घरीच राहायला लागलं. रस्ता ओलांडताना तो गाड्यांकडे बघेना.

"अगं, लागायचं असतं तर तेव्हाच लागलं असतं."

"म्हणजे जन्मभराची सूट मिळाली का तुला?"

"काळजीचा ठेका तू घेतलायस ना? मग मी कशाला करू?"

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकले. एकदा वाचलेल्या माणसाला आपण वाचणारच होतो असं वाटू लागतं, हे परीक्षेच्या पेपरात मी छान लिहिलं होतं. घरात सांगायला गेले की त्याला जांभया यायच्या.

परवा पाळणाघरात गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "बाबा घेऊन गेले की तिला, अकरालाच."

मी धावतच कारखाना गाठला.

आत भलंमोठं यंत्र क्रेनला टांगलेलं, किंचित झुलत होतं. बरोबर त्याच्याखाली, उलट्या खोक्यावर, माझी लेक बिस्कीट खात बसली होती. भोवती दहा-बारा जण, सगळे बोडक्या डोक्याचे. चेहरे इतके निवांत, की बघवेनात.

"वहिनी, ओरडू नका हं," मुकादम हलकेच म्हणाला. "क्रेनवाला दचकेल."

नवरा हसला. "ती बसली ना, की सगळं बिनघोर होतं बघ."

मी ओरडले नाही. तिला उचलून आणायला आत गेले. यंत्राच्या सावलीत पाऊल पडलं मात्र, आणि ती जन्मल्यापासून छातीत चाललेली धडधड थांबली. एकदम. काही होणार नाही, हे मला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक झालं.

"आई, बस ना."

तिच्या बिस्किटावर वरून गंजाचा भुगा पडला. मी फुंकर मारली आणि तिच्याशेजारी बसले.