सतराव्या पानावरचा शेरा

आमच्या हुबळीच्या मराठी वाचनालयात एकूण एकसष्ट रहस्यकथा आहेत आणि त्यांतला प्रत्येक खुनी मला सतराव्या पानावरच भेटलेला आहे. लेखक बिचारा पुढची दोनशे पानं त्याला लपवत फिरतो. मी आपला त्या खुन्याकडे बघत बसतो, लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा.

याला कारण बाळाचार्य. इतिहासाचे निवृत्त मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्याकडे सगळी पुस्तकं एकाच खाकी पुठ्ठ्यात बांधतात, त्यामुळे कुठलं वाचलंय हे बाहेरून कळत नाही. म्हणून जुने वाचक आपापल्या ठरलेल्या पानावर खूण करून ठेवतात. कृष्णाबाई एकविसाव्या पानावर कुंकवाचं बोट टेकवतात. माझ्या काकांची तेहेतिसाव्या पानावर फुली असते. आचार्यांचं पान सतरावं, पण मास्तर माणूस, त्यांचं फुलीवर भागत नाही. ते पेन्सिलीने शेरा लिहितात.

ऐतिहासिक कादंबऱ्यांवरचे त्यांचे शेरे मला मान्य आहेत. "सरदार संध्याकाळी पुण्याहून निघून पहाटे विजापुरात. घोडा की इंजिन?" बरोबर आहे. त्या कादंबऱ्यांत सगळे बुरुजावर उभं राहून सूर्याशी बोलतात आणि कुणालाच खाली काही काम नसतं. थरारकथांचंही तेच. बॉम्ब फुटायला चार मिनिटं उरलेली असताना नायक तेरा पानं बालपण आठवतो. तिथे आचार्यांनी लिहिलंय, "बॉम्ब सोशिक आहे." यावर मी सही करायला तयार आहे.

पण रहस्यकथेवर त्यांचा शेरा असा: "खुनी मुनीम. वाचले."

ऐतिहासिक कादंबरीत शेवटी कोण मरणार हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. रहस्यकथेवाल्याकडे लपवायला एकच गोष्ट असते हो. तीही राहू देऊ नये माणसाने?

मी एकदा विचारलंच. "आचार्य, खुन्याचं नाव कशाला लिहिता?"

"नाही लिहिलं तर तेच पुस्तक पुन्हा घरी नेतो मी. आठवत नाही आताशा."

"मग फुली मारा."

"फुली तुझ्या काकाची आहे."

"चांदणी काढा."

"या वयात चांदणी काढू?"

टेबलामागून रेखाअक्का म्हणाल्या, "होगली बिडो, जाऊ दे, प्रसाद. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी कशाला लागतोस?" रेखाअक्का वाचनालय सांभाळतात. त्या स्वतः फक्त पाककृतींची पुस्तकं वाचतात, कारण त्यांत शेवटी काय होणार ते शीर्षकातच असतं.

मग जानेवारीत बासष्टावी रहस्यकथा आली. रायापूरचं एक कुटुंब पुण्याला चाललं होतं, त्यांनी खोकंभर पुस्तकं दिली. अक्कांनी त्याच दिवशी सगळी खाकीत बांधून टाकली. दवाखान्यात खून, वजनकाट्यावर प्रेत, संशयित तीन: डॉक्टर, डॉक्टरांची बायको आणि कंपाउंडर. एवढं मी बांधणी चालू असताना ऐकलं आणि कान झाकून घेतले. आयुष्यात एक तरी खुनी मला लेखकाच्या हातून भेटायला हवा होता. पण वडीलकीच्या मानाने पुस्तक आधी आचार्यांकडे गेलं.

आठ दिवसांनी ते परत आलं. मी घरून खोडरबर घेऊन गेलो होतो.

"अक्का, सतरावं पान मी खोडणार."

"खोड की. पण वाचशील त्याचं काय?"

"बघणारच नाही." आणि मी खरोखर पंख्याकडे बघत सतरावं पान खोडलं. शेरा लांब वाटला. दोन ओळींचा तरी असेल. मनात म्हटलं, या वेळी आचार्यांनी खुनाची पद्धतसुद्धा लिहिली असणार.

तीन दिवस मी दुर्गदबैल बाजारातल्या आमच्या कापडदुकानात गठ्ठ्यांमागे बसून ते वाचलं. एका बाईंनी निळा ब्लाउजपीस मागितला, मी परकर दिला. शेवटी डिटेक्टिव्हने सगळ्यांना दवाखान्यात जमवलं. दार लावून घेतलं. म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे आणि त्याचं नाव"

पुढे खाकी पुठ्ठा.

मी दुकान काकांवर टाकून वाचनालयात गेलो. आचार्य वर्तमानपत्र वाचत होते.

"आचार्य, वजनकाट्यावरचा खून कुणी केला?"

"मला आठवलं असतं तर लिहिलं कशाला असतं?"

"मी खोडलं ते."

"मग आता आपण दोघे सारखे."

एकसष्ट रहस्यकथा वाया गेल्या तरी त्यांतून मी एक गोष्ट शिकलो होतो. मी सतरावं पान उघडलं, पेन्सिल आडवी धरली आणि हलक्या हाताने घासत गेलो. आचार्य मास्तर, दाबून लिहायची सवय. करड्या रंगातून पांढरी अक्षरं वर आली. अक्काही उठून बघायला आल्या.

"शेवटचे पान नाही. वाचले.
प्रसादला देऊ नये. चिडेल."

आचार्यांनी चष्मा सरकवून तो शेरा वाचला. "अक्षर माझंच आहे," म्हणाले. "आणि मत बरोबर आहे."

"पण खून कुणी केला?" मी म्हटलं.

"कंपाउंडरने."

"आठवलं?"

"छे. पण पन्नास वर्षांत कुठल्याच पुस्तकात कंपाउंडर खुनी निघालेला नाही. त्याची पाळी कधी यायची?"

"हा काय पुरावा आहे? डॉक्टरची किल्ली हरवली होती, ती काट्याखाली सापडली."

"कंपाउंडरच असणार," अक्का म्हणाल्या. "त्याच्याशिवाय वजनकाट्याला हात लावतो कोण?"

"अक्का, तुम्ही पुस्तक वाचलेलं नाही."

"म्हणूनच माझं मत कुणाकडे झुकलेलं नाही."

दोन विरुद्ध एक. आचार्यांनी खिशातून पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि त्या करड्या पट्ट्याखाली सावकाश लिहिलं, "खुनी कंपाउंडर. बहुमताने." मग पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

मी खाली लिहिलं, "डॉक्टरच. प्रसाद." पेनने, म्हणजे पुढच्या कुणा शहाण्याला खोडता येणार नाही.