दोरा तिच्या मागे

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायानं चालवायची. मित्रांनो, कारखान्यात माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढली होती. आता ती शोधूनही सापडत नाही. पण चाक विचाराल तर अजून लोण्यासारखं फिरतं. स्वतःची टिमकी वाजवू नये म्हणतात, पण माझी दुसरं कोण वाजवणार?

आईनं, म्हणजे माझ्या मालकिणीनं, मला घरी आणलं तेव्हा तिचा लेक रांगतही नव्हता. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. झगे, पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, जे येईल ते ती शिवायची आणि बाळाला माझ्या पायडलशेजारी चिंध्यांच्या ढिगावर निजवायची. माझी खटखट चालू असली की स्वारी गाढ झोपायची; मी थांबले की भोकाड! मग आई पाय न थांबवता गुणगुणायची:

सुई पळे पुढे पुढे, दोरा तिच्या मागे;
सोनं माझं निजलं की कशानं न जागे.

ताल माझा, गाणं तिचं. तिचा गळा काही फार गोड नव्हता बरं का! पण गाताना तिचा एकही टाका वाकडा गेलेला मला आठवत नाही.

लेक मोठा झाला, नोकरीला लागला, घरात सूनबाई आली. पुढे त्याचं ऑफिसच घरी आलं. शेजारच्या खोलीत बसून तो दिवसभर फोनवर लोकांशी बोलायचा. एकदा पलीकडून कोणीतरी विचारलं, "हे मागे कोण गातंय?" आणि चारपाच जण हसले. लेक तरातरा बाहेर आला.

"आई, चारचौघांत माझी लाज काढतेस का? ती खडखड आणि वर तुझं ते रडगाणं! जरा गप्प बसायला काय घेशील?"

"बरं," आई म्हणाली.

आपलं बोलणं त्याचं त्यालाच लागलं असावं. दुसऱ्याच दिवशी तो माझ्यासाठी विजेची मोटर घेऊन आला. "तुझ्या गुडघ्यांना आराम पडेल गं," तिच्याकडे न बघताच म्हणाला. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून मोटर! पायडलनं चाक फिरवणारा माझा पट्टा काढून त्यानं खणात टाकला. आणि मी? मी हुरळून गेले. काय तो वेग! सूनबाई म्हणाली, "अगं बाई, हिचा आवाजसुद्धा येत नाही आता!" झालं, मी आणखीच फुगले. आईचे पाय जमिनीवर नुसते टेकलेले मला दिसत होते. मोटर आपली एका सुरात घूंऽऽ करत राहते. आईच्या गाण्याला पाय टेकायला जागाच उरली नव्हती. मला ते कळत होतं, तरी मी पळत राहिले.

आईची शिवण वाकडी जायला लागली. डोळे दिसत नाहीत असं सांगून तिनं गिऱ्हाइकं परत पाठवली. मग बोलणं आटलं, जेवणावरची वासना उडाली, केस विंचरायलाही सूनबाईला मागे लागावं लागे. डॉक्टरांनी तपासलं, मनाचा आजार आहे म्हणाले. गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंना घरी पाठवलं. त्या पेटी वाजवून, गाण्याच्या आधारानं माणसाला हळूहळू बोलतं करत. आमच्याकडे त्यांचं नाव पडलं 'गाण्याच्या बाई'. तोवर माझं डोकं आत दुमडून माझं टेबल झालं होतं आणि वर कुंड्या आल्या होत्या. बाईंनी कुंड्या खाली ठेवल्या, पेटी माझ्यावरच मांडली आणि आईला समोर बसवलं.

कितीतरी आठवडे काहीच घडलं नाही. बाई वाजवत, आई भिंतीकडे बघत बसे. बाई घाई करत नसत.

"आईंना गाण्याची आवड होती का?" त्यांनी एकदा विचारलं.

"गुणगुणायच्या की! सारख्या," सूनबाई म्हणाली.

"मग थांबल्या कधी?"

"काही कल्पना नाही," लेक खिडकीबाहेर बघत म्हणाला.

धडधडीत खोटं! आतल्या अंधारात माझी सुई थरथरली. पण मशीनला तोंड कुठे असतं?

मग एका दुपारी बाई संथ ठेक्यात वाजवत असताना आईचा पाय पुढे सरकला आणि माझ्या पायडलवर आला. पट्टा नसल्यामुळे पायडल नुसतंच हललं. खट. जरा वेळानं पुन्हा, खट. बाईंनी पेटीची चाल तिच्या पायाला जुळवून घेतली आणि खाली वाकून बघितलं.

"हे काय आहे खाली?"

दारात उभ्या लेकाचा चेहरा पांढराफटक पडला. "मशीन आहे तिची," तो म्हणाला. "हिच्यावरच गायची ती. मी... मीच गप्प बसवलं तिला." आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं. "माझ्यामुळे आजारी पडली हो ती!"

"एका वाक्यानं एवढा आजार होत नसतो," बाई म्हणाल्या. "सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. पण ते वाक्य त्यांना लागलं, हेही तितकंच खरं. आणि मला काय सांगता? त्या समोर बसल्यात ना!"

पूर्वी चिंध्यांचा ढीग असायचा, तिथेच तो खाली बसला. "आई, चुकलं माझं. मला तुझी लाज वाटली गं." त्यानं पेटी उतरवली, मला वर काढलं, मोटर सोडवली आणि खणातला पट्टा शोधून चढवला. आईनं पाय ठेवला. खटखट, खटखट. किती दिवसांनी! तिचे ओठ हलले, आधी नुसती हवा आली, मग घोगरा आवाज.

"सुई पळे पुढे पुढे, दोरा तिच्या..."

ती अडली. पुढचं आठवेना.

"मागे," लेक म्हणाला. "सोनं माझं निजलं की..." आणि पुढचं त्याच्याच्यानं म्हणवेना.

आईनं पाय थांबवून खाली बघितलं. "पट्टा सैल बसवलास," ती म्हणाली. कित्येक महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य ते! लेक हसला की रडला, मला सांगता यायचं नाही. त्यानं माझ्या पायडलशी तोंड लपवलं होतं.

मित्रांनो, यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. गोळ्या चालू आहेत, बाई अजून येतात. कधी आई गाते, तर कधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. अशा दिवशी लेक काम टाकून दारात येतो आणि माझ्याकडे बघत उभा राहतो. मलाही मोटरीचे ते दिवस आठवतात आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुमच्या घरात कोणी गुणगुणत असेल, कितीही बेसूर का असेना, त्याला हसू नका. आणि ते गुणगुणणं थांबलंच, तर बाजारातून वस्तू आणून हात झटकू नका. जवळ बसा आणि विचारा. माझं काय, मला तेलाचे दोन थेंब पुरतात. माणसाचं तेवढ्यावर भागत नाही.

परवा लेकाला फोनवर कोणीतरी विचारलं, "मागे कसला आवाज येतोय हो?" खोलीचं दार आता उघडंच असतं, त्यामुळे मला नीट ऐकू आलं.

"माझी आई गातेय," तो म्हणाला. "जरा थांबा, तिची ओळ पुरी होऊ दे."